फाट्यावर हात केला की

माझी मुलगी अकरावीला पेणच्या कॉलेजात जाऊ लागली तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता. येताना ती हायवे कसा ओलांडणार?

जाताना अडचण नव्हती. आमचं गाव पेण आणि जिते यांच्या मध्ये, हायवेपासून अर्धा किलोमीटर आत, डोंगराच्या बाजूला. फाट्यावर यायचं, डावीकडे वळायचं आणि कडेकडेने सरळ पेण. संध्याकाळी मात्र समोरच्या अंगाने यायचं आणि फाट्यावर उजवीकडे, म्हणजे सगळा रस्ता आडवा कापून, गावात वळायचं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हायवे दुपदरी होता. मध्ये दुभाजक नव्हता आणि फाट्यावर दिव्याचा खांबही नव्हता.

"यष्टीचा पास काढून द्या तिला," बायको म्हणाली. "सायकल नको त्या रस्त्याला."

मी हिशेब केला होता. प्रॅक्टिकल मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला सुटायचं. पावणेसहाची एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढची सात वाजता. सायकलने साडेपाच किलोमीटर म्हणजे पंचवीस मिनिटं. राहिला मिनीडोअर. त्या तीनचाकीत परवाना सहा माणसांचा आणि मी स्वतः अकरा मोजलेली, त्यातली दोन चालकाच्या दोन्ही मांड्यांना टेकून. मुलीला त्यात बसवायची माझी तयारी नव्हती. सायकल ठरली ती माझ्या शब्दावर ठरली. हे आधीच सांगून ठेवतो.

मी रोह्याला एका कंपनीत टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आत आलं, कोणती बस किती मिनिटं उशिरा आली, याची नोंद ठेवणं हे माझं काम. गावात मला टायमकीपर म्हणत आणि त्यात थोडी थट्टा असे. सकाळी एसटीने पेण, तिथून कंपनीच्या बसने नागोठण्यावरून रोहा. साडेचारला शिफ्ट सुटली की तसाच उलटा प्रवास. लायसन्स काढलं तेव्हा मिळालेली नियमांची पुस्तिका मी जपून ठेवली होती. त्यातल्या चित्राप्रमाणे मे महिन्याच्या सुट्टीत मी शाळेच्या पटांगणात मुलीला शिकवलं. आधी मागे बघायचं. मग उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर, तळवा पुढे. हात तसाच ठेवून मध्यावर यायचं आणि मग वळायचं.

"बाबा, आपल्याकडं असा हात कोणीच करत नाय," ती म्हणाली.

"कोणी करत नाही म्हणूनच तू करायचा."

ती हसली, पण तिने शिकून घेतलं. माझ्यासारखीच आहे. एकदा सांगितलेली गोष्ट अर्धवट करत नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पहिल्या आठवड्यात तीच खुशीत सांगायला आली, "बाबा, तुमचं बरोबर होतं. मी हात केला ना, मागची बस थांबली. अख्खी बस! मला जाऊ दिलं."

मी बायकोकडे बघितलं. बायको भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली.

पंधरा दिवसांनी आमच्याच गावचा एक कंडक्टर मला फाट्यावर भेटला. त्याची ड्यूटी पेणहून सुटणाऱ्या गाड्यांवर असे.

"काय टायमकीपर, तुमची कन्या यष्टीची मस्करी करते व्हय?"

"का, काय झालं?"

"काल हात केला. डायवरनं गाडी उभी केली. मी दार उघडून उभा. म्हटलं सायकल टपावर टाकायची असंल. बघतो तर ही चालली गावात. पाशिंजर सगळे हसतायत मला!"

"ती वळायचा इशारा करते," मी म्हणालो. "पुस्तकात तसाच आहे."

"पुस्तकात आसंल. यष्टीच्या अंगावर काय लिवलंय ते वाचा की."

हात दाखवला की गाडी थांबेल, असं त्या काळी एसटीवरच लिहिलेलं असे. थांबा असो नसो, हात करायचा. आमच्याकडे 'हात करणे' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. हात केला म्हणजे गाडी थांबवली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः रोज सकाळी त्याच फाट्यावर हात करत होतो. पण माझा हात आणि तिचा हात हे एकच दिसत असतील, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. कंडक्टरला मी म्हणालो, "गाडी थांबते ना? मग चांगलंच आहे."

"गाडी थांबती वो," तो म्हणाला. "मागचं कोण थांबतंय?"

त्याचं हे वाक्य डोक्यात राहिलं. म्हणून एका रविवारी मी फाट्याजवळच्या मोरीच्या कठड्यावर वही घेऊन बसलो. चार ते पाच, एक तास. दोन्हीकडच्या मिळून एसटी सहा. मिनीडोअर सत्तावीस. सायकली एकेचाळीस. एसटी आणि मिनीडोअर यांचं कसं चालतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. एसटी पुढे असली की मिनीडोअर तिच्या शेपटाला लागून यायचा. एसटीचे मागचे लाल दिवे पेटले की मिनीडोअरवाल्याला कळायचं की पुढे कोणीतरी उभं आहे. मग एसटी थांबायच्या आत उजवीकडून पुढे घुसायचं, तिच्या तोंडासमोर डावीकडे दाबायचं आणि ओरडायचं, "जिते जिते जिते, चला ताई, बसा!" एसटीचा चालक हॉर्न दाबून धरायचा. कधी एसटीवाला मुद्दाम उजवीकडे सरकून वाट अडवायचा आणि मग दोघंही समोरच्या ट्रकच्या वाटेत. सायकलवाले डावीकडे मातीत उतरून उभे राहायचे. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

वहीत मी आणखी एक रकाना केला होता. त्या तासात रस्त्याच्या कडेने अठरा वेळा हात वर झाला. अठराही वेळा गाडी थांबवण्यासाठी. वळणाऱ्या सायकलवाल्यांपैकी एकानेही हात केला नाही.

आकडा माझ्या हाताने लिहिलेला होता. त्याचा अर्थ मी असा काढला की एकेचाळीस सायकलवाल्यांना नियम माहीत नाही आणि माझ्या मुलीला माहीत आहे. घरी येऊन मी तसं सांगितलंसुद्धा. बायको एवढंच म्हणाली, "अठरा जनांना कळतंय ते तुमाला कसं कळत नाय?"

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रस्ता फार वाईट झाला. पेणहून मूर्ती घेऊन जाणारे टेम्पो, मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या गाड्या आणि त्यात आमचं रोजचं. त्याच आठवड्यात पेणच्या स्टँडबाहेर मला एका मिनीडोअरवाल्याने थांबवलं. धरमतरच्या बाजूच्या एका मुसलमान वस्तीतला माणूस, माझ्याच वयाचा. सात वर्षं मस्कतला ट्रेलर चालवून आला होता आणि त्या कमाईतून गाडी घेतली होती. चेहऱ्याने ओळख होती, बोलणं कधी झालं नव्हतं.

"काका, ती लाल सायकलवाली तुमची मुलगी ना?"

"हो."

"तिला सांगा, हात नको करू."

"का नको?"

"ती हात बरोबर करते. मस्कतला मी असाच हात बघून गाडी मागं ठेवायचो. तिकडं त्याचा मतलब, मी वळतोय. इथं त्याचा मतलब, मला घ्या. तिनं हात केला की यष्टी थांबते आन् आम्ही सगळे पुढं धावतो. ती नेमकी तिथंच येते वळून. मला ती माहीत झाली म्हणून मी जपतो. बाकीचे नाय जपणार."

एवढं स्पष्ट मला कोणीच सांगितलं नव्हतं. कंपनीत एखाद्या साहेबाने सांगितलं असतं तर मी लगेच ऐकलं असतं. पण मी त्याच्या गाडीत बघितलं. आत दहा माणसं बसली होती, एकाचे पाय बाहेर. मी म्हणालो, "आधी तुम्ही सहा माणसं बसवा. मग आम्हाला नियम सांगा."

तो रागावला नाही. "ते पण बरोबर हाय," म्हणाला आणि जाऊन गाडी चालू केली.

घरी मी ही गोष्ट काढली नाही. मुलगी रोज येत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी, मी पोचायच्या आधीच, सहाच्या सुमाराला सायकलची घंटी वाजायची आणि बायको बाजूला ठेवलेलं काम परत हातात घ्यायची. दिवाळी झाली. दिवस लहान झाले. घंटी वाजायची तेव्हा बाहेर जेमतेम उजेड असायचा. तिला कॉलेजातच जरा उशीर होतो आहे म्हणून मी सांगत होतो, पण उशीर होत नव्हता. वेळ तीच होती, सूर्य लवकर जात होता. टाइम ऑफिसातल्या माणसाला यातला फरक कळायला हवा होता.

तो शुक्रवार होता. कंपनीची बस वेळेवर आली आणि मला पावणेसहाची एसटी मिळाली. चालकाच्या मागची, खिडकीकडची जागाही मिळाली. फाटा शंभरेक पावलांवर आला तेव्हा पुढे मला लाल सायकल दिसली. रोज मी पोचायच्या आधी ती घरी असे. रस्त्यावर तिला अशी चालवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. ती मागे वळून बघताना दिसली. मग हात बाहेर आला. खांद्याच्या रेषेत, अगदी सरळ. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"आली बघा," चालक म्हणाला. "बसायचं नाय आन् हात करायचा."

त्याने ब्रेक दाबला. एरवी आमची गाडी फाट्याच्या पुढे, झाडाखाली थांबे. मी अजून जागेवरून उठलोही नव्हतो. गाडी अलीकडेच हळू झाली ती फक्त त्या हातासाठी. मुलीने पुन्हा एकदा मागे बघितलं, बस थांबते आहे असं तिला दिसलं आणि ती निर्धास्त मध्यावर आली. त्याच वेळी माझ्या उजव्या कानाला तो फटफट आवाज ऐकू आला. मागून, मग बरोबरीने, मग पुढे. चालकाने हॉर्न दाबून धरला. मी उभा राहिलो आणि माझं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. एवढंच मला करता आलं.

मिनीडोअरवाल्याने शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे मातीत घातली. चाक तिला लागलं नाही. गाडीची पत्र्याची कड लागली, ती तिच्या हातालाच, कारण सगळ्यात बाहेर हातच होता.

मी उतरून पोचलो तेव्हा ती रस्त्यावर बसली होती आणि आपला हात दुसऱ्या हाताने मांडीवर नीट ठेवायचा प्रयत्न करत होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "बाबा, मी हात केला होता."

मिनीडोअरमधून उतरला तो मस्कतवाला होता.

लोक जमले. एसटीतले लोक मिनीडोअरवाल्याला शिव्या देत होते, मिनीडोअरमधले एसटीवाल्याला. कोणीतरी मस्कतवाल्याची कॉलर धरली. त्याने ती सोडवूनही घेतली नाही. "मला मारा मग," म्हणाला, "आधी पोरीला उचला." त्याने आपली माणसं खाली उतरवली, मुलीला मागच्या बाकावर आडवी केली आणि आम्हाला पेणला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. पेणहून येताना एसटीला अकरा मिनिटं लागत. जाताना किती लागली ते मी बघितलं नाही.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. दवाखान्याच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला.

"काका, हात मला दिसलाच नाय. बस मध्ये होती. मला फक्त लाल दिवे दिसले. लाल दिवे म्हंजे पाशिंजर. एवढंच येतं मनात." मग म्हणाला, "मी तिला जपतो म्हणालो होतो तुम्हाला."

हात नको करू हे त्याने आधीच सांगितलं होतं, याची तो मला आठवण करून देईल, अशी मी वाट बघत होतो. त्याने ती करून दिली नाही. हवालदार आला तेव्हा मी तक्रार नाही म्हणून सांगितलं. त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. मग त्याने विचारलं, "मग चूक कोणाची लिहू?" एसटी हात बघून थांबली होती. मिनीडोअर दिवे बघून धावला होता. मुलगी पुस्तकाप्रमाणे वळली होती. पुस्तक माझं होतं. मी म्हणालो, "माझी लिहा." तो हसला आणि काही न लिहिता गेला.

प्लास्टर सहा आठवडे होतं. निघाल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटेना. पेन धरता येत होतं, ब्रेक कसाबसा. बायकोने पुन्हा पासाचा विषय काढला आणि या वेळी मीही तिच्याच बाजूने होतो. मुलगी ऐकेना.

"सात वाजेपर्यंत स्टँडवर बसून राहू का मी? अभ्यास कधी करू? मी हात करनार नाय. कडेला उतरून उभी राहीन, रस्ता मोकळा झाला की चालत जाईन. मग तर झालं?"

ऐकायला पटण्यासारखं होतं. पहिल्या मंगळवारी मी अर्धी रजा काढली आणि गावाच्या बाजूने फाट्यावर उभा राहिलो. ती आली, समोरच्या कडेला उतरली, सायकल धरून थांबली. तेवढ्यात पेणहून एसटी आली आणि तिच्यासमोर थांबली. फाट्याला जो उभा असेल तो बसणारच, हात केला काय न केला काय.

"चल गो, लवकर चढ!" कंडक्टर ओरडला.

ती मान हलवत होती. एसटीच्या मागून दोन मिनीडोअर उजवीकडून पुढे आले, एकाने एसटीच्या तोंडासमोर दाबलं, दुसरा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. समोरून जित्याकडचा ट्रक आला तो हॉर्न वाजवत मातीतून गेला, माझ्यापासून चार हातांवरून. "बसायचं नाय तर उभी कशाला?" कोणीतरी तिला म्हणालं. सगळे पांगल्यावर ती सायकल हातात धरून जवळजवळ धावतच आली. शुक्रवारीही तसंच झालं.

पुढच्या मंगळवारी मस्कतवाला आपल्या गाडीतून चालला होता. त्याने गाडी थांबवली नाही. फक्त हळू केली आणि ओरडला, "बेटा, पाठ कर! पाठ! रस्त्याकडं पाठ करून उभी राहा, कोणी थांबणार नाय!"

खरं होतं. आमच्या बायका फाट्यावर कोणाची वाट बघत असल्या की शेताकडे तोंड करून उभ्या राहतात. मी इतकी वर्षं ते बघत होतो. मला वाटे, लाजेने. मुलीने सायकल वळवली आणि हायवेकडे पाठ केली. एसटी आली तशी निघून गेली. मिनीडोअर गेले. तिच्यासाठी एकाचेही लाल दिवे पेटले नाहीत.

तेव्हापासून ती तशीच रस्ता ओलांडू लागली. शेताकडे तोंड करून उभी राहायची आणि ऐकायची. आवाज विरले की झटकन वळायची, एकदा दोन्हीकडे बघायची आणि निघायची. बघण्यात वेळ घालवला तर तेवढ्यात तोंड रस्त्याकडे झालेलं असे आणि कोणीतरी तिच्यासाठी थांबे. कोणत्या गाडीचा आवाज कसा येतो ते तिने मला शिकवलं. एसटी लांबूनच कळते. मिनीडोअर तर कळतोच. सायकली आणि न्यूट्रलमध्ये उतारावरून सोडलेले ट्रक ऐकू येत नाहीत.

जमेल तेव्हा मी लवकर निघायचो आणि गावाच्या बाजूला उभा राहायचो. तिला जे दिसत नसे ते सगळं मला दिसत असे. पण थांब म्हणून मी तिला हात करू शकत नव्हतो. हात केला की कोणीतरी थांबणार आणि मागचा पुढे धावणार. म्हणून मी हात मागे बांधून उभा राहायचो.

एका शुक्रवारी दोन्हीकडचे आवाज विरले. तिने मान थोडी तिरकी करून ऐकलं. जित्याच्या बाजूने, उतारावरून, इंजीन बंद केल्यासारखा एक लांबलचक ट्रेलर येत होता. त्याने दिवे लावले नव्हते. ती वळली. सायकलचं पुढचं चाक डांबरावर आलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, तिचं नाव नव्हतं. ट्रेलर आमच्या दोघांच्या मधे आला. तो पुढून मागेपर्यंत संपता संपेना आणि तेवढा वेळ मला समोरचं काही दिसत नव्हतं.

मग त्याचं मागचं चाक गेलं. ती होती तिथेच होती. तिने सायकल मागे ओढून घेतली होती आणि पुन्हा रस्त्याकडे पाठ करून उभी होती.